लाकिसच्या तोंडाचा पोसायडन

पांतेलिसने कढईतून मुशी माशाचा तुकडा उचलला, झारा कडेवर दोनदा आपटून तेल झटकलं आणि तुकडा चिप्सच्या ढिगावर ठेवला. मग मूठभर मीठ मारून पुडी वळायला घेतली. बाकीची बोटं कागदावर वाकली, पण करंगळी तेवढी बाहेर राहिली. ती कायमचीच वाकडी होती. कालिम्नोस या ग्रीक बेटावर, बापाच्या होडीत दोरात सापडली होती आणि तेव्हापासून हाताबरोबर राहायची, पण हाताचं ऐकायची नाही.

"पांतेलिस! बघितलंस का?"

कोपऱ्यावरच्या मिल्क बारची वासो धापा टाकत आत आली. दूध, पाव, सिगारेटी, मासिकं आणि ओकलीच्या साऱ्या ग्रीक वस्तीच्या भानगडी एकाच छपराखाली ठेवणारी बाई. तिने गल्ल्याशेजारी एक कॉमिक ठेवलं आणि त्याच्या दिशेने तीनदा थुंकल्यासारखं केलं.

"फ्तू, फ्तू, फ्तू! दृष्ट नको लागायला. तुझ्या रिनिओचं. आताच गठ्ठा सोडला."

पांतेलिसने हात ॲप्रनला पुसले. पुसले म्हणजे, तेल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेलं. वर्षभर त्याची लेक मागच्या खोलीत दार लावून काढत बसली होती. "पोसायडनवर काढतेय, बाबा. सुपरहिरो. दिवसा बंदरात हमाली करतो, संकट आलं की त्रिशूळ आपटतो." एवढंच बोलली होती. पण पांतेलिसला एवढं पुरेसं होतं. समुद्राचा देव काढायचा, आणि बाप सात पिढ्यांचा स्पंज काढणारा पाणबुड्या, शिवाय मासे तळणारा. आता चेहरा कोणाचा घेणार, हे काय विचारायचं असतं? तेव्हापासून तो मागच्या खोलीच्या दारात पोट आत ओढून उभा राहू लागला होता. हातात लांब दांड्याचा झारा, उभा धरलेला. नजर लांब कुठेतरी, क्षितिजावर. तिथे सिंक होतं.

त्याने कॉमिक हात लांब करून धरलं. लाटा फुटत होत्या, जहाज कलंडत होतं आणि मधोमध निळ्या घट्ट पोशाखात, खांद्यावरून झगा फडकवत, देव पाण्यातून वर येत होता. पांतेलिसने आनंदाने देवाच्या तोंडाकडे पाहिलं.

मग चष्मा काढून घातला. मग परत पाहिलं.

"हा लाकिस आहे," तो म्हणाला.

"हुबेहूब ना? मी पण तेच म्हटलं! मिशी त्याचीच, खाली दाढी तेवढी जोडलीये."

"समोरचा लाकिस?"

"दुसरा कुठला असणार? ते नाक काय दोघांना मिळतं?"

रस्त्यापलीकडे लाकिस झेरवास आपल्या सुवलाकीच्या दुकानात उभ्या सळईवरचं मटण सोलत होता. सोलता सोलता काचेत स्वतःला बघत होता. मिशीचं एक टोक वळवून झालं, दुसरं घेतलं.

"तो डोंगरातला आहे," पांतेलिस म्हणाला. आवाज अगदी शांत होता, आणि शांत असला की एव्दोकिया, त्याची बायको, खिडक्या लावून घ्यायची. "त्याच्या गावात पाणी म्हणजे विहीर. मेंढ्या वळायचा तो. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो इथे यायच्या जहाजावरून, आणि पाहिल्या पाहिल्या त्यात ओकला!"

"माझे चिप्स गार होतायत," गिऱ्हाईक म्हणालं.

*

रिनिओला सरळ विचारणं त्याच्या इभ्रतीला शोभलं नसतं. म्हणून त्याने जेवताना वळसा घेऊन विचारलं.

"हे तुझे चेहरे... मनातून येतात का गं?"

"काही मनातून. काही बघून."

"पोसायडनचा?"

"लाकिसकाकांचा आहे, बाबा. सगळ्यांना कळलंय." ती मसुराच्या वाटीत पाव बुडवत म्हणाली. "त्यांचं तोंड बरं आहे. लांबून ओळखू येतं. अर्ध्या रेषेत काम होतं."

"आणि माझं?"

एव्दोकियाने नवऱ्याकडे पाहिलं. रिनिओने थोडा विचार केला. तो विचारच त्याला जास्त लागला.

"तुमचं तोंड सारखं बदलतं," ती म्हणाली. "आत्ता बघा ना."

एव्दोकिया हसली. हसून झाल्यावर उठली आणि पहिला अंक देव्हाऱ्यात, संत निकोलसच्या तसबिरीला टेकवून ठेवला. "पोरीची पहिली कमाई आहे. जिथे शोभतं तिथे ठेवते."

म्हणजे झालं असं, की दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडण्याआधी पांतेलिस तेलाचा दिवा लावून खलाशांच्या संतापुढे क्रूसाची खूण करायचा, आणि संताच्या शेजारून लाकिस मिशीआड हसत ते स्वीकारायचा. एकदा त्याने अंक हळूच उलटा करून ठेवला. संध्याकाळी तो सुलटा होता.

*

शनिवारी पांतेलिस वासोकडे गेला आणि उरलेले सगळे अंक उचलले.

"सगळे?" वासोने विचारलं.

"बापाला अभिमान नसतो का?"

मग तो बसने पुढच्या उपनगरात गेला आणि तिथलेही उचलले. त्याचा हिशोब सोपा होता. अंक दिसले नाहीत की लोक विसरतील, लोक विसरले की लाकिस परत मटणवाला होईल. हा हिशोब कागदावर चोख बसत होता. ब्रन्सविकच्या प्रकाशकाकडे मात्र तोच हिशोब वेगळा पोहोचला: ग्रीक वस्तीत पोसायडनवर उड्या पडल्यात, चार दिवसांत एक अंक शिल्लक नाही! त्याने तिप्पट छापले. वर लाकिसच्या तोंडाचं मोठं चित्र फुकट दिलं, भिंतीला चिकटवायला. लाकिसने ते काचेवर लावलं आणि खाली पाटी टांगली: 'देवाच्या हातची सुवलाकी.'

"तुझ्याकडे कोण येतं मग?" तो रस्त्यापलीकडून ओरडला. "माझ्या प्रजेतले मासे तळतोस, परवानगी घेतलीस का?"

दुकानापुढची माणसं हसली. पांतेलिसही हसला. दातांनी हसला, बाकी तोंडाने नाही.

घरात आता त्या अंकांचे ढीग पलंगाखाली होते आणि एव्दोकिया झाडू मारताना अडखळायची. एके दिवशी पुड्यांचा कागद संपला. पांतेलिसला वाटलं, ही देवाचीच इच्छा. कुठल्या, ते त्याने विचारलं नाही. तो अंक फाडून फाडून त्यात चिप्स बांधू लागला. पान उघडून आत काय आहे हे बघायची त्याची तयारी नव्हती. तोंड वर करून ठेवायचं आणि त्यावर ताजी मुशी टाकायची, एवढ्यानेच त्याच्या जिवाला थंडावा मिळत होता.

पण तेल गरम, शाई कच्ची. घरी जाऊन लोकांनी पुड्या उघडल्या तर माशाच्या पिवळ्याधमक पापुद्र्यावर, नाकमिशीसकट, लाकिस. उलटा, पण स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर रांग लागली.

"आम्हाला तो देवाचा छापवाला द्या," पहिली म्हातारी म्हणाली. "आमच्या ह्यांना मिशी आली होती. मला नुसताच झगा आला."

पांतेलिसने त्या दिवशी दुपारीच दुकान बंद केलं आणि आजारी आहे असं कळवलं. ते खोटं नव्हतं.

*

थेओफानियाच्या दिवशी, म्हणजे पाण्याच्या आशीर्वादाच्या सणाला, सारी ग्रीक मंडळी धक्क्यावर जमतात. पाद्री समुद्रात क्रूस टाकतो, तरणी पोरं त्यामागे उड्या मारतात, आणि ज्याच्या हाती तो लागतो त्याला वर्षभराचा आशीर्वाद. पांतेलिसने तरुणपणी कालिम्नोसला तो एकदा काढला होता, जानेवारीच्या गोठवणाऱ्या पाण्यातून. तांब्याच्या ताटात क्रूस ठेवून घरोघर फिरला होता. ही हकिकत ओकलीत सगळ्यांना पाठ होती. त्याने 'त्या वर्षी' एवढं म्हटलं की माणसं टोपी शोधायला लागायची.

इथे जानेवारी म्हणजे भाजून काढणारा उन्हाळा. धक्क्याच्या फळ्या तापल्या होत्या. आणि त्या फळ्यांवर, प्रकाशकाच्या डोक्यातून निघालेली जाहिरात म्हणून, लाकिस उभा होता. निळा घट्ट पोशाख, झगा, पत्र्याचा त्रिशूळ आणि हनुवटीला मेंढीच्या लोकरीची दाढी. पोशाख त्याला एक माप लहान होता. छातीवरचा सोनेरी त्रिशूळ पोटावर आल्यावर आडवा पसरून काट्यासारखा दिसत होता, जेवायच्या.

फादर ग्रिगोरिस त्याच्यापुढे थांबले.

"लाकिस, ही जुनी देवमंडळी आम्ही केव्हाच घरी बसवली होती. किती शतकं खपली त्यात आमची. आणि तू एका दुपारी दाढी चिकटवून परत आणतोस?"

"फादर, मी फक्त तोंड दिलंय," लाकिस म्हणाला. "बाकी पोरीचं."

रिनिओ कडेला वही घेऊन बसली होती. लोक लाकिसबरोबर फोटो काढत होते. बायका त्याच्या दंडाला हात लावून बघत होत्या. एव्दोकियासुद्धा गेली. तिने दाढीचं एक टोक नीट बसवून दिलं. आणि पांतेलिस, ज्याने समुद्रातून खरा क्रूस काढला होता, बर्फाची पेटी सांभाळत उभा होता, कारण लिंबूपाणी कोणीतरी वाटायला हवं.

त्याने पेटीचं झाकण धाडकन आपटलं.

"काय रे पोसायडन!" तो ओरडला. "नुसता उभा काय? समुद्र तुझा ना? मार की उडी!"

गर्दीला असलं काही हवंच असतं. "उडी! उडी!" आधी पोरं ओरडली, मग बायका, मग प्रकाशकसुद्धा. लाकिस हसला, पण मिशी हसली नाही. हे पांतेलिसने पाहिलं. ह्याला पोहता येत नाही, हे तो इतकी वर्षं नुसतं टोमण्यापुरतं म्हणत आला होता. आत्ता त्याला ते कळलं.

फादरनी क्रूस टाकला. पोरांनी उड्या घेतल्या. रिवाजाप्रमाणे पांढरं कबुतर सोडलं. कबुतराने धक्क्याभोवती एक गोल गिरकी घेतली आणि सगळ्यांत उंच, सगळ्यांत चकचकीत जागा बघून त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बसलं. गर्दीने टाळ्या वाजवल्या. लाकिसने मान वर केली, फोटोवाल्यांसाठी एक पाऊल मागे घेतलं, आणि तिथे धक्का नव्हता.

लोक टाळ्या वाजवतच राहिले. देव पाण्यात गेला, यात घाबरण्यासारखं काय?

पांतेलिसने ॲप्रनसकट, बुटांसकट उडी घेतली.

पाण्याखाली झग्याचा मोठा निळा फुगा दिसला आणि त्यात हातपाय. पांतेलिस दम घ्यायला वर आला तेव्हा क्रूस त्याच्या समोर होता. लाकडी, निळ्या फितीचा, हातभर अंतरावर संथ डुलत. पोरं सगळी पलीकडच्या बाजूला पाणी उडवत शोधत होती. नुसता हात लांब करायचा. ओकलीने बघितलं असतं. लेकीने बघितलं असतं. त्याने हात लांब केलासुद्धा.

मग तो शिवी हासडून खाली गेला. शिवी कोणाला होती हे त्यालाही सांगता आलं नसतं. हाताला पहिल्यांदा दाढी लागली, ती निघून आली. मग केस लागले, ते लाकिसचेच होते. त्याला ओढत शिडीपर्यंत आणलं, तेव्हा लाकिसने त्याचा हात दोन्ही हातांनी असा आवळला होता की वर खेचताना वाकडी करंगळी जवळजवळ सरळ झाली.

क्रूस कोणा शिकाऊ न्हाव्याला मिळाला.

*

धक्क्याच्या सावलीत दोघं एकाच घोंगडीत बसले होते, कारण घोंगडी एकच होती. भर उन्हाळ्यात लाकिस कापत होता. गर्दी न्हाव्याला खांद्यावर घेऊन निघून गेली होती.

"उडी मार, म्हणे," लाकिस म्हणाला.

"हं."

"मी मेलो असतो, गाढवा."

"हं," पांतेलिस म्हणाला. त्याच्या हातात अजून ओली दाढी होती. त्याने ती पिळली आणि लाकिसच्या मांडीवर ठेवली. "घे."

लाकिसने दाढी झटकली. मग नाक ओढून म्हणाला, "तुला माझा राग येतो, मला माहितीये. पण सुख काही नाही रे देव होण्यात. तुझी लेक मोठी खवट आहे."

"माझ्या लेकीला काही बोलू नकोस."

"का नको? तीन रविवार मला उभं केलं तिने. असे हात वर करून, सळई धरून. खांदे भरून आले. म्हटलं, चेहरा तर घेतलास, आता हात नीट घे. माझे हात बघ, आहेत की नाही देवाला शोभतील असे?" त्याने हात पुढे केले. खरंच गुबगुबीत, गुळगुळीत हात होते, नखं कापलेली. "म्हणे, लाकिसकाका, हात तुमचे नको. हे हात कधी पाण्यात गेलेले नाहीत. आणि घरी जाऊन काढले कुठल्यातरी खवीसाचे!"

पांतेलिस बुटातलं पाणी ओतत होता. तो थांबला.

"कसले?"

"तू वाचलं नाहीस? रांगडे, भाजलेले, अंगठ्याखाली डाग. करंगळी तर अशी वाकडी काढलीये, की वाटतं ह्याने त्रिशूळ नाही, चहाचा कप धरलाय. पानापानावर! माझ्या तोंडाखाली ते हात! मी म्हटलं तिला, निदान हातमोजे तरी घाल त्याला. सगळे सुपरहिरो घालतात. बघते म्हणाली, पुढच्या अंकात."

पांतेलिसने उजवा हात घोंगडीखाली घेतला. थोड्या वेळाने परत बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला, जिथे ऊन होतं.

"थंडी वाजतेय का तुला?" लाकिसने विचारलं.

"नाही."

*

पलंगाखाली एकही अंक उरला नव्हता. सगळे मुशीबरोबर गेले होते. घरी आल्यावर पांतेलिस ओल्या कपड्यांनीच देव्हाऱ्यापुढे गेला, संतापुढे क्रूसाची खूण केली, आणि त्याच्या शेजारचा अंक काढून खिडकीपाशी नेला. पहिलं पान उलटलं. दुसरं. चेहऱ्यावर अंगठा ठेवून खालचं बघत गेला.

बराच वेळ झाला. एव्दोकिया दारात येऊन उभी राहिली, फरशीवर साचलेलं पाणी तिने पाहिलं आणि फडकं न आणताच परत गेली.

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. रिनिओ टेबलाशी वाकून काढत होती. पांतेलिस उंबऱ्यावर थांबला. या वेळी झारा नव्हता आणि पोट होतं तिथेच होतं.

"लाकिस बरा आहे," तो म्हणाला.

"कळलं."

"पुढचा अंक?"

"हो."

त्याने दाराच्या चौकटीवर हात ठेवला, मग जरा वर, दिव्याच्या उजेडात सरकवला.

"ते हातमोज्यांचं काही ठरवू नकोस," तो म्हणाला. "लाकिस काय, काहीही सांगतो. त्याला समुद्रातलं काय कळतंय? समुद्रात हातमोजे घालून कोण जातं?"

रिनिओने मान वर केली नाही. नुसती पेन्सिल उचलली आणि तिच्या टोकाने चौकटीवरच्या हाताकडे खूण केली.

"हलवू नका, बाबा," ती म्हणाली. "जरा तसाच धरा."